ठिपक्याची बाजू

दादाच्या तोंडात आता एकच शब्द उरला होता: उलटं.

पाणी हवं का? उलटं. दुखतंय का? उलटं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून "आज कसं वाटतंय?" विचारलं, तरी उलटंच. एकसष्ट वर्षांचा माणूस, सकाळी चांगला तयार होऊन कामाला निघाला आणि घराच्या फाटकाशी कोसळला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. दहा दिवस इस्पितळात काढून घरी आला तेव्हा एवढा एक शब्द त्याच्यापाशी शिल्लक होता, आणि तो दिवसातून शंभरदा ऐकू यायचा.

डॉक्टर म्हणाले, "मेंदूतल्या बोलण्याच्या जागेला मार बसला की असा एखादा शब्द अडकून राहतो. त्याला अर्थ नसतो. मनाला लावून घेऊ नका."

सांगायला त्यांचं काय जातंय? घरात दिवसभर ते ऐकणाऱ्या माणसानं काय करायचं? दादाच्या बायकोनं, म्हणजे वहिनीनं, आपल्या परीनं अर्थ लावला. तिला वाटलं, कूस बदलायची असेल. तिनं त्याला डावीकडून उजवीकडे वळवलं. उलटं. उजवीकडून डावीकडे वळवलं. उलटं. उशी उलटी केली. अंगातला सदरा चुकून उलटा घातलाय का ते पाहिलं, सुलटाच होता, तरी काढून परत घातला. एक दिवस शेजाऱ्यांना हाक मारून अख्खा पलंग फिरवला, डोकं खिडकीकडे केलं. दादानं खिडकीकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, डाव्या हाताची मूठ गादीवर आपटली आणि ओरडला, "उलटं!" मग तोंड फिरवून रडायला लागला.

"मी काय कमी केलं ते तरी सांग बाई," वहिनी धाकटीला म्हणाली. तिची कंबर धरली होती. नव्वद किलोचा माणूस दर तासाला फिरवायचा म्हणजे काय खाऊ आहे?

धाकटी म्हणजे दादाची बहीण. चोपन्न वर्षांच्या बाईला कुणी धाकटी म्हणतं का? पण दादा म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणायचे. लग्न केलं नाही, दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत राहायची, सकाळी कामावर जाताना आणि परतताना दादाकडे डोकवायची. कामावरही ती दोघं एकत्रच होती, एका प्रयोगशाळेत. तिथं वयानं अर्ध्या असलेल्या इंजिनियर मुली तिला "धाकटी मॅडम" म्हणायच्या. पहिल्यांदा ती चिडली, मग म्हणाली जाऊ दे, मॅडम तर म्हणतात.

आता या आठवड्यात एक गोष्ट ठरायची होती. गावाबाहेर एक उपचारकेंद्र होतं, तिथं अशा माणसांना पुन्हा बोलायला, उठायला शिकवायचे. तीन महिने ठेवून घ्यायचे. खाटा फक्त आठ. एक खाट शुक्रवारी रिकामी होणार होती, आणि ती कुणाला द्यायची हे एक बाई घरोघर जाऊन पाहत होत्या. त्यांचा नियम साधा होता. बोलता नाही आलं तरी चालेल, पण समजलं पाहिजे. ज्याला समजतच नाही त्याला शिकवणार काय? अशांसाठी सांभाळगृह होतं, तिथं अंग पुसतात, भरवतात आणि वाट बघतात.

त्या बाई सोमवारी आल्या होत्या. धाकटी मुद्दाम अर्धी रजा टाकून थांबली होती. बाईंनी दादाच्या पुढ्यात एक ट्रे ठेवला, त्यात चमचा, किल्ली, पेन आणि कंगवा. बाई शांतपणे म्हणाल्या, "किल्ली दाखवा."

दादानं डाव्या हातानं किल्ली उचलली. वहिनीनं धाकटीचा दंड धरला. दादानं किल्ली बोटात फिरवली आणि उलटी करून परत ट्रेमध्ये ठेवली.

"आता चमचा दाखवा."

चमचाही उलटा केला. मग कुणी न सांगता कंगवा उलटा केला, पेन उलटं केलं, बाईंच्या डोळ्यांत बघत बोटानं ट्रेवर ठोकलं आणि म्हणाला, "उलटं. उलटं!" बाई थांबल्या. त्यांनी पुन्हा किल्ली मागितली. दादानं ट्रेच ढकलून दिला. चमचा पलंगाखाली गेला.

बाईंनी कागदावर लिहिलं: सूचना पाळत नाहीत. माणूस म्हणून वाईट नव्हत्या, दारात थांबून वहिनीचा हात हातात घेतला. "शुक्रवारपर्यंत काही फरक दिसला तर कळवा. मी परत येईन. नाहीतर सांभाळगृहाचं पत्र मी देते."

धाकटी त्या दिवशी उरलेली अर्धी पाळी भरायला गेली, पण हातात काही धरवेना. खोटं कशाला बोला, तिलाही वाटलं होतं की खेळ आटोपला. ज्या भावानं तिला चिमटा धरायला शिकवला, तो आता किल्ली उलटी करून ठेवतो. दुसरा काय अर्थ काढणार?

आता त्यांच्या कामाबद्दल सांगायला हवं. भावंडांच्या बापाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. बाप गेल्यावर दादानं चालवलं, धाकटी शेजारच्या स्टुलावर बसून बारीक काम करायची. मग घड्याळं दुरुस्त करायला कुणी येईना. बिघडलं की फेकायचं आणि नवं घ्यायचं. दोघं दिवसदिवस नुसती बसून असायची. अशात एक दिवस एक उंच बाई दुकानात आल्या, काउंटरवर टेकल्या आणि म्हणाल्या, "मला स्थिर हात हवेत. चार हात मिळाले तर फारच छान." त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. आणि त्यांना बनवायच्या होत्या माश्या.

दादाला कुणी विचारलं, काय काम करतोस, की तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "बाकीचे लोक नोकरीत माश्या मारतात. आम्ही बनवतो."

माशी म्हणजे अगदी माशीसारखीच. अंगठ्याच्या नखावर मावेल एवढं धड, दोन पारदर्शक पंख, आणि केसाहून बारीक तारा, ज्यांतून वीज येते. जिथं माणसाचा हात पोचत नाही अशा नळांमध्ये, फटींमध्ये शिरून गॅस गळतोय का ते तिनं हुंगून सांगावं, हा बाईंचा ध्यास. एवढ्याशा जीवात मोटर बसवायची कुठं? म्हणून आत पिझोची पट्टी. भाजलेल्या चिनी मातीसारखी दिसते, तांदळाच्या दाण्याहून थोडी लांब, कागदासारखी पातळ. तिला वीज दिली की ती किंचित आखडते, वीज काढली की सैल पडते. अशा दोन पट्ट्या कार्बनच्या एका पातळ पात्याला दोन्ही अंगांनी चिकटवायच्या. एकदा ही आखडते, एकदा ती आखडते, पातं इकडे वाकतं, तिकडे वाकतं, सेकंदाला सव्वाशे वेळा, आणि त्या वाकण्यावर पंख फडफडतो. दोन पंखांना दोन पाती, म्हणजे एका माशीला चार पट्ट्या.

पण पट्टी आपसूक आखडत नाही. तिला आधी शिकवावं लागतं. गरम तेलात बुडवून एका बाजूनं जबर वीज द्यायची, म्हणजे तिच्या पोटातला कण न् कण एका दिशेला तोंड करून बसतो आणि तसाच बसून राहतो. मग ज्या बाजूनं धन वीज दिली त्या बाजूला एक लाल ठिपका द्यायचा, सुईच्या टोकाएवढा. हे दादाचं काम. धाकटीचं काम चिकटवायचं: ठिपका वर. एवढाच नियम. ठिपका चुकला आणि पट्टीला उलट्या अंगानं वीज मिळत राहिली, तर ती थोडा वेळ फडफडते आणि मग तिची सगळी शिकवण विसरते, मलूल पडते, ती कायमची.

अकरा वर्षांत दादाचा ठिपका एकदाही चुकला नव्हता. सुरुवातीला प्रत्येक पट्टी तपासायचे. तपासणीचं छोटं यंत्र होतं: पट्टी दोन टोकांमध्ये धरून हलकेच दाबायची. दाबली की पट्टी स्वतःच इवलीशी वीज देते, आणि काटा उजवीकडे किंवा डावीकडे जातो. सहा महिने काटा रोज उजवीकडेच गेला, तेव्हा मोठ्या बाईच म्हणाल्या, पुरे. यंत्रावर प्लॅस्टिकचं आवरण घातलं गेलं. दादाचा ठिपका म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि आता, दादा पडल्यापासून, माश्या मरत होत्या.

पहिली चार मिनिटं उडाली आणि टेबलावर पडली. दुसरी तीन मिनिटं. तिसरीचा डावा पंख उडतानाच ढेपाळला आणि ती भोवऱ्यासारखी फिरत भिंतीवर आपटली. तिन्ही माश्या धाकटीनं जोडलेल्या होत्या. इंजिनियर मुली काही बोलल्या नाहीत, पण गोंदाच्या बाटलीवरची तारीख तिघींनी वेगवेगळी येऊन पाहिली. धाकटीला कळत नव्हतं होय? गोंद कमी पडला, नाहीतर जास्त झाला, नाहीतर हात कापला. भावाच्या काळजीनं बिचारीचं लक्ष लागत नाही.

मंगळवारी मोठ्या बाईंनी तिला जवळ बसवलं. "चार दिवस घरी राहा," त्या हळूच म्हणाल्या. "भावाजवळ बस."

"माझा गोंद बरोबर आहे," धाकटी म्हणाली.

"मी गोंदाचं म्हणतच नाहीये."

"मग कशाचं म्हणताय? जुन्या डबीतल्या पट्ट्यांची माशी गेल्या आठवड्यात अर्धा तास उडली. तीही मीच चिकटवली होती, त्याच बाटलीतून."

जुन्या डबीतल्या पट्ट्या त्या माशीबरोबर संपल्या होत्या. मेलेल्या तिन्ही नव्या डबीतल्या, दादा पडला त्याच्या आदल्या दिवशी त्यानं तयार करून ठेवलेल्या डबीतल्या. दोघींनाही ते एकदमच जाणवलं, आणि दोघींनीही ते बाजूला सारलं.

"छे, दादांच्या पट्ट्या?" बाई म्हणाल्या.

"शक्यच नाही," धाकटी म्हणाली. पण गोंदावरचा आळ काढायचा तर पट्टीची खात्री करून द्यावी लागणार होती. तिनं कपाटावरून यंत्र काढलं, आवरणावरची धूळ झटकली, नव्या डबीतली एक पट्टी चिमट्यानं उचलली, ठिपका वर करून टोकांमध्ये धरली आणि दाबली.

काटा डावीकडे गेला.

"उलटी धरली वाटतं," ती स्वतःशीच पुटपुटली. काढून भिंगाखाली पाहिली. ठिपका वरच होता. पुन्हा धरली, पुन्हा डावीकडे. मग पट्टी फिरवून ठिपका खाली केला, तेव्हा काटा उजवीकडे गेला. तिनं दुसरी घेतली. तीही तशीच. डबीत चाळीस होत्या, तीन माश्यांना बारा लागल्या, अठ्ठावीस उरल्या होत्या. धाकटी एकेक उचलत गेली आणि काटा प्रत्येक वेळी डावीकडे गेला. अठ्ठाविसावी पट्टी काढून तिनं चिमटा खाली ठेवला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"उलटं," धाकटी म्हणाली, आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

त्यानंतर सगळं उलगडायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तेलाच्या भांड्याजवळ वीज देणारा नवा खोका ठेवला होता. जुना जळाला म्हणून त्याच दिवशी, दादाच्या कामाच्या शेवटच्या दिवशी, तो बसवला होता. जुन्या खोक्याचं धन टोक डावीकडे होतं, नव्याचं उजवीकडे. अकरा वर्षं दादाचे हात डोळ्यांना न विचारता तार लावत आले होते, त्या दिवशीही त्यांनी तशीच लावली. डोळे मिटून काम करण्याइतका हात बसला की असं होतं, नवशिक्यानं ही चूक कधीच केली नसती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, दाढी करताना म्हणा, बूट घालताना म्हणा, त्याच्या डोक्यात लख्ख पडलं असणार. कारण वहिनीनंच इस्पितळात सांगितलं होतं की त्या दिवशी चहा अर्धा टाकला, काय घाई होती कोण जाणे, तासभर आधी निघाले आणि फाटकाशी पडले. बिचारा, धाकटीनं गोंद लावायच्या आत पोचायला निघाला होता.

बावीस दिवस हा माणूस एकच निरोप देत होता, आणि घरची माणसं त्याला कुशीवर वळवत होती.

धाकटी ॲप्रनसकट निघाली. रस्त्यात दोन माणसांना धडकली, सॉरीसुद्धा म्हणाली नाही. घरी पोचली तेव्हा वहिनी दादाला वळवायच्या बेतात होती, एक हात त्याच्या खांद्याखाली, एक कमरेखाली.

"वहिनी, थांब. सोड त्याला."

ती पलंगावर बसली. दादानं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. त्याच्या आधीच ती बोलली.

"दादा, शेवटच्या डबीतले ठिपके उलटे पडलेत. नव्या खोक्याचं धन टोक उजवीकडे आहे. मी काट्यावर बघितलं."

दादाचं तोंड उघडंच राहिलं. मग ते हळूहळू मिटलं. त्यानं डोळे बंद केले आणि एवढा मोठा श्वास सोडला की पांघरूण हललं. डाव्या हातानं त्यानं तिचं मनगट पकडलं आणि इतकं दाबलं की तिची बांगडी रुतली.

"बारा वाया गेल्या," धाकटी म्हणाली. त्याला नेमका आकडा लागतो, हे तिला माहीत होतं. "अठ्ठावीस शिल्लक आहेत. त्यांचे ठिपके पुसून दुसऱ्या बाजूला देते. आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावते. झालं? आता तरी जीव खाली पडला का तुझा?"

दादाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि अर्धा चेहरा हसत होता. उरलेल्या अर्ध्याला हसता येत नव्हतं.

वहिनी हातात उशी धरून उभी होती. "काय बोललीस तू? काय कळलं त्यांना? मला कुणी काही सांगेल का?"

धाकटीनं कळवल्यावर गुरुवारी दुपारी उपचारकेंद्राच्या त्या बाई परत आल्या. धाकटीनं त्यांना पट्टी, ठिपका, खोका, सगळं सांगितलं. बाईंनी निमूट ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावरून दिसत होतं की घरच्या माणसांच्या अशा कहाण्या त्यांनी खूप ऐकल्या आहेत. मग त्या खुर्ची ओढून दादाच्या डाव्या बाजूला बसल्या.

"आज ट्रे आणला नाही," त्या म्हणाल्या. "मी विचारते, तुम्ही या पाटीवर बोटानं ठोका. एकदा ठोकलं तर हो. दोनदा ठोकलं तर नाही. आपण आत्ता स्वयंपाकघरात आहोत का?"

दादानं त्यांच्याकडे 'काय हे' अशा नजरेनं पाहिलं. टक टक.

"बर्फ गरम असतो का?" टक टक. "ही तुमची बहीण आहे का?" टक. "तुमच्यापेक्षा मोठी?" टक टक, जरा जोरात. "कागद जाळला तर तो ओला होतो का?" टक टक. "मांजर कुत्र्याच्या मागे धावलं, तर पुढे कुत्रा असतो का?" दादा एक क्षण थांबला. टक.

बाईंनी एकूण पंधरा प्रश्न विचारले. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाल्या, "सोमवारी माझ्यावर रागावला होतात का?"

टक.

बाई हसल्या. कागदावर त्यांनी काय लिहिलं ते दिसलं नाही, पण उठताना त्या म्हणाल्या, "शनिवारी सकाळी घेऊन या. दोन सदरे, चष्मा, आणि रोजच्या गोळ्या. यांना सगळं समजतंय. मला वाटतं पहिल्या दिवसापासून समजत होतं. आमचीच चूक झाली."

धाकटीनं त्यांना फाटकापर्यंत सोडलं. परत आली तेव्हा तिला वाटलं, वहिनी आता नाचत असेल, निदान रडत तरी असेल. वहिनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. चेहरा पांढराफटक.

"अगं, काय झालं? खाट मिळाली ना!"

"पहिल्या दिवसापासून समजत होतं म्हणाल्या त्या."

"हो मग? चांगलंच आहे की."

"धाकटे, रविवारी लेकीचा फोन आला होता." वहिनी जमिनीकडे बघत बोलत होती. "मी त्यांच्या डोक्याशी उभी राहून बोलत होते. कंबर मोडली होती, तीनदा चादर बदलली होती. मी म्हटलं, किती दिवस हे मढं उलथंपालथं करू? म्हटलं, आता सुटला तर बरा, त्याचंही भलं आणि माझंही. चौतीस वर्षांत मी यांना कधी अरेतुरे केलं नाही गं. त्या दिवशी केलं. त्यांच्या डोक्याशी उभं राहून."

धाकटीची स्वतःची काय कथा होती? इस्पितळातून आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच्याच पायाशी बसून, त्याच्याच ताटातलं उरलेलं खात, ती वहिनीला म्हणाली होती, "दादा त्या फाटकाशीच गेला गं. हे आपण उगीच धरून बसलोय." दोघी त्याच्या अंगावरून बोलत होत्या, जशी माणसं टेबलावरून बोलतात. आणि तो पडल्या पडल्या ऐकत होता, आणि त्याच्यापाशी एकच शब्द होता, आणि तोही त्यानं धाकटीच्या माश्या वाचवायला वापरला होता.

"मी विचारते," वहिनी एकदम उठली.

"नको वहिनी. राहू दे."

"नको कसं? परवा तीन महिन्यांसाठी जातील. मी हे पोटात घेऊन तीन महिने बसू?"

ती आत गेली. धाकटी दाराशी थांबली. वहिनीनं पलंगाशी उभं राहून पदराशी चाळा केला, मग ती त्या बाईंच्या खुर्चीवर बसली आणि पाटी दादाच्या हाताखाली सरकवली.

"अहो," ती म्हणाली. "रविवारी मी फोनवर बोलत होते. लेकीशी. ते... ते तुम्ही ऐकलंत का?"

दादा तिच्याकडे पाहत राहिला. धाकटीला रविवार आठवला. दुपारी ती आली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. पेज भरवायला गेली तर त्यानं दात घट्ट मिटून घेतले होते. संध्याकाळपर्यंत एकदाही त्याच्या तोंडून काही आलं नव्हतं, तो शब्दसुद्धा. वहिनी तेव्हा म्हणाली होती, चला, आज जरा शांत आहेत.

दादानं बोट उचललं. टक.

वहिनीनं श्वास रोखला. तिचा चेहरा दादाला दिसत होता, धाकटीला नव्हता. बोट पाटीवर तसंच टेकलेलं राहिलं, कितीतरी वेळ. मग ते पुन्हा उचललं गेलं.

टक.

"नाही?" वहिनी म्हणाली. "नाही ना? नाही ऐकलंत ना?"

टक टक. या वेळी लगेच आणि जोरात.

"अगं बाई!" वहिनी म्हणाली, आणि पदर तोंडाशी धरून इतकी रडली की खुर्ची हलायला लागली. मग नाक पुसून त्याच्यावरच डाफरली, "म्हणजे मी घसा कोरडा करून बोलत होते आणि तुम्ही झोपा काढत होतात!"

टक, दादानं ठोकलं.

दुकानात असताना दिवसाला दहा सेकंद मागे पडणारं घड्याळ या माणसानं कधी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवलं नव्हतं. चालतंय म्हणून सांगून टाक ना, असं धाकटीनं कितीदा म्हटलं असेल, पण त्याच्या तोंडून खोटं निघायचं नाही. वहिनी पेज गरम करायला धाकटीच्या अंगावरून लगबगीनं गेली. दादानं मान वळवून दाराकडे पाहिलं. बहिणीला सगळं कळलंय हे त्याला दिसलं असणार, कारण त्यानं तिच्याकडे बघून मान हलवली, अगदी थोडी, बोलू नकोस म्हणून.

धाकटीलाही त्याला एक गोष्ट विचारायची होती. ती आत गेली, पाटी उचलून बाजूला ठेवली, आणि काही न विचारता त्याच्या शनिवारच्या सदऱ्यांच्या घड्या घालायला बसली.